सुरतेचा परवाना

लेकीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी सुरतेला निघाले, तेव्हा आमच्या गल्लीत ज्याला त्याला एकच विनोद सुचत होता. "काय काकू, सुरत लुटायला निघालात का?" पहिल्या दोघातिघांना हसून दाखवले, पुढे कंटाळा आला. पण खरे सांगायचे तर सुरत म्हटले की मलाही तेवढेच आठवायचे. १६६४ च्या जानेवारीत महाराजांनी सुरत लुटली, १६७० च्या ऑक्टोबरात पुन्हा लुटली. शाळेत तेवढे पाठ केले होते, त्यापुढे सुरतेशी आमचा संबंध साडीच्या दुकानापुरता.

म्हैसूर-अजमेर एक्स्प्रेस बेळगावहून थेट सुरतेला नेते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. २०२२ चा नोव्हेंबर होता. एका पिशवीत डिंक, अळीव आणि खारीक, दुसरीत कुंद्याचे चार डबे, असा लवाजमा घेऊन मी उतरले. जावई हजीऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीला. त्यांचे घर तापीच्या पलीकडे, अडाजणला. चौथ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली पार्किंग आणि पार्किंगमध्ये पांढऱ्या गाड्यांची रांग. सुरतेत पायी चालणारा माणूस मला फारसा दिसलाच नाही. दुधाला जायचे तरी स्कूटर, देवळात जायचे तरी स्कूटर. सत्तरीच्या आज्याही ॲक्टिव्हावर भाजीला जाताना पाहिल्या आणि मला फार बरे वाटले.

पाचव्या मजल्यावर तीन परदेशी मुली भाड्याने राहत होत्या. लेकीने सांगितले, "आई, त्या अफगाणिस्तानच्या. इथल्या विद्यापीठात शिकतात." वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठात भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर बरीच परदेशी मुले येतात, हे मला तेव्हा कळले. या तिघींतली एक एम. कॉम. करत होती. तिची-माझी ओळख लिफ्टमध्ये झाली. लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली, वीज गेली, आणि आम्ही दोघी वीस मिनिटे अंधारात. ती छान हिंदी बोलत होती. कुठे शिकलीस, असे विचारले तर म्हणाली, "सिनेमा बघून, आंटी. काबूलमध्ये सगळ्यांना येते." बाहेर पडल्यावर मी तिला डिंकाचा लाडू दिला. दुसऱ्या दिवशी ती बदाम घेऊन खाली आली. असा आमचा व्यवहार सुरू झाला.

तिला गाडी चालवायचा परवाना हवा होता. ती २०१९ ला भारतात आली, तेव्हा एकोणीस वर्षांची होती. १५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल तालिबानच्या हाती गेले, तेव्हा ती सुरतेतच होती. घरी परत जाण्याचा प्रश्न तिथेच मिटला. मे २०२२ मध्ये हेरात शहरातल्या मोटर शिकवणाऱ्यांना, यापुढे बायकांना परवाने देऊ नका, असे तोंडी सांगण्यात आल्याच्या बातम्या आल्या. तिने त्या बातमीचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवला होता. मला दाखवला. त्यावर ती काही बोलली नाही, मीही काही विचारले नाही.

वरवर पाहता ही काय अवघड गोष्ट? आपल्याकडे अठरा वर्षांचे पोर वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी लर्निंग लायसन काढून येते. पण परक्या देशाचा माणूस म्हटले की दोन वाटा होतात. जो थोड्या दिवसांसाठी येतो त्याची वाट सोपी. समोरच्या गुजराती शेजाऱ्यांचा पुतण्या डिसेंबरात लग्नासाठी लंडनहून आला होता. डिसेंबर आला की सुरतेत परदेशातल्या नातेवाइकांचा नुसता पूर येतो. तो येताना तिकडच्या पोस्टातून एक छोटी पुस्तिका घेऊन आला होता, आंतरराष्ट्रीय वाहन परवाना. १९४९ च्या जिनिव्हा करारातून आलेला हा कागद. सोबत आपल्या देशाचा मूळ परवाना ठेवायचा, म्हणजे एक वर्षापर्यंत गाडी चालवता येते. इंग्लंडातही गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे पुतण्या पहिल्याच दिवशी काकांची गाडी घेऊन डुमसच्या किनाऱ्यावर भजी खायला गेला.

ज्यांची मुले परदेशी निघाली आहेत त्यांच्यासाठी जाता जाता सांगते. ही पुस्तिका ज्या देशाचा परवाना त्याच देशात काढावी लागते. विमानात बसल्यावर आठवून उपयोग नाही. आपल्या मुलाचा परवाना बेळगावचा असेल तर निघण्यापूर्वी इथल्या आरटीओतच पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून ती घ्यायची. ऑगस्ट २०२२ पासून देशभर तिचे एकच रूप ठरवून दिले आहे. माझा भाचा जर्मनीला शिकायला गेला, तिथे आपला परवाना राहायला गेल्यापासून सहा महिने चालतो, पुढे त्यांची लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावीच लागते. इंग्लंडात बारा महिने. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा.

आमच्या मुलीला मात्र ही सोपी वाट बंद होती, कारण तिच्याकडे तिकडचा परवानाच नव्हता. तिला आपल्यासारखेच पहिल्या पायरीपासून चढायचे होते. आधी शिकाऊ परवाना, मग निदान तीस दिवस सराव, मग पक्की परीक्षा. भारतात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला हे करता येते, कायद्याची आडकाठी नाही. अडते ते कागदावर. वय आणि ओळख सांगायला पासपोर्ट, मुक्काम कायदेशीर आहे हे सांगायला व्हिसा आणि विदेशी नागरिक म्हणून झालेली नोंदणी, आणि राहत्या जागेचा पुरावा. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने चौदा दिवसांत नोंदणी करायची असते, आणि पत्ता बदलला की तेही कळवायचे असते. २०१८ पासून हे काम बरेचसे इंटरनेटवर होते. ती पूर्वी वसतिगृहात होती, सहा महिन्यांपूर्वी या फ्लॅटमध्ये आली. नोंदणीत पत्ता जुनाच. नवा पत्ता लावायचा तर घरमालकाचा कागद हवा आणि घरमालक कागद द्यायला तयार नव्हते.

हे घरमालक वाईट गृहस्थ नव्हते. मुलींना त्रास देत नव्हते, दिवाळीला मिठाई पाठवत होते. पण भाडे रोखीने घ्यायचे आणि कागद करायचा नाही हा त्यांचा शिरस्ता. त्यातून परदेशी भाडेकरूची माहिती घरमालकाने सरकारला एका ठरावीक अर्जावर कळवायची असते, ती त्यांनी कळवलीच नव्हती. आता कळवली तर आतापर्यंत का नाही, असे कोणी विचारेल ही त्यांची धास्ती. मुलगी तीनदा जाऊन आली. तिन्ही वेळा चहा मिळाला, कागद नाही.

शेवटी जावई म्हणाले, "आई, मी जातो. तुमचा कुंद्याचा एक डबा द्या." मी म्हटले, "लाच देताय की काय?" तर म्हणाले, "छे हो, बेळगावची ओळख करून देतोय." काय बोलले ते त्यांनाच ठाऊक. तासाभराने घरमालकांचा फोन आला, आठवडाभरात भाडेकरार झाला, माहितीचा अर्जही भरला गेला. सुरतेत खाण्याचे वेड फार. सुरतेचे जेवण आणि काशीचे मरण, अशी तिथली म्हण आहे. घरमालकांनी नंतर माझ्याकडे कुंद्याची कृती मागितली. दूध किती आटवायचे ते सांगितले, पण हाताला अंदाज यायला बेळगावचे पाणी लागते, असे म्हणून मी मोकळी झाले.

अर्ज भरायला ती आमच्याकडेच बसायची, कारण लेकीकडे प्रिंटर होता. एका संध्याकाळी जावयांशी बोलताना मी मराठीत म्हणाले, "अर्जाची तारीख बघा, मुदत संपायची." ती कागदावरून मान वर करून माझ्याकडे पाहतच राहिली. "आंटी, तुम्ही आत्ता फारसी बोललात का?" मग सुरू झाला खेळ. अर्ज, मुदत, तारीख, कागद, शिक्का... एकेक शब्द मी टाकायचा आणि तिने हसून मान हलवायची. हे सगळे शब्द तिच्या दरी भाषेत आहेत, कारण दरी म्हणजे फारसीच. तीनशे-साडेतीनशे वर्षांच्या दरबारी कारभारातून ते आपल्याकडे आले आणि आपल्या कचेऱ्यांत असे मुरले की परके वाटतच नाहीत. लेक आतल्या खोलीतून ओरडली, "कन्नडमध्ये पण सांग की, अर्जी!" गुजरातीतही अरजीच.

परवाना या शब्दाला मात्र ती खो-खो हसली. तिच्याकडे परवाना म्हणजे फुलपाखरू, पतंग. "तुम्ही सगळे सरकारकडे फुलपाखरू मागता?" रहदारीचा किस्सा तर त्याहून मजेचा. राह म्हणजे रस्ता हे तिला ठाऊक होतेच. आपण मराठीत रहदारी म्हणजे वाहनांची ये-जा म्हणतो. कन्नडमध्ये रहदारी म्हणजे परमिट, रस्त्याने जाऊ देण्याची परवानगी. आमच्या बेळगावात ट्रकवाल्याजवळ कन्नड रहदारी असते आणि तो मराठी रहदारीत अडकलेला असतो! दोन्ही भाषा घरात बोलत असूनही इतक्या वर्षांत हे माझ्या लक्षात आले नव्हते, काबूलच्या पोरीने लक्षात आणून दिले. तिच्या गावी ड्रायव्हरला दरेवर म्हणतात हे ऐकून मला आमच्या खेड्यातला डायवर आठवला.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नातू झाला. त्यानंतरचे दहा-बारा दिवस कसे गेले ते मला सांगता येणार नाही. शेक-शेगडी, तेल, धुरी, रात्रीची जागरणे. मुलगी रोज संध्याकाळी येऊन बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि मी तेवढ्यात अंघोळ उरकायची. तिच्या शिकाऊ परवान्याची परीक्षा याच धामधुमीत झाली. गुजरातमध्ये २०१९ च्या अखेरीपासून ही परीक्षा आयटीआयमधूनही घेऊ लागले, पण तिच्याकडे आधार नव्हते आणि कागद सगळे परदेशी, म्हणून ती मूळ कागदांचा गठ्ठा घेऊन पालच्या आरटीओतच गेली. संगणकावर पंधरा प्रश्न, तेव्हा अकरा बरोबर यावे लागत. पडद्यावर गुजराती, हिंदी, इंग्रजी. सुरतेत मराठी माणूस लाखांनी आहे, महापालिका मराठी शाळा चालवते, पण या पडद्यावर मराठी नव्हती. भाषेच्या पाट्यांवर आयुष्य काढलेल्या सीमाभागातल्या बाईला हे चटकन दिसते, त्याला इलाज नाही. मुलीने इंग्रजी निवडले. चौदा आले. चुकलेला एक प्रश्न कोणता, हे ती पुढे दोन दिवस आठवत बसली होती.

मोटर स्कूलचे मास्तर निघाले आपले. मूळचे अमळनेरकडचे, वडील चाळीस वर्षांपूर्वी उधन्याच्या लूमवर कामाला आले, हे इथेच जन्मले. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत अशी खानदेशी घरे हजारोंनी आहेत. गुजराती गिऱ्हाइकाशी गुजराती, घरी अहिराणी, माझ्याशी पुस्तकातली मराठी. मला ते मावशी म्हणू लागले. दुपारी बाळ आणि बाळंतीण झोपली की तासभर मी मागच्या सीटवर जाऊन बसायची. पोरीने तशी गळ घातली होती. मास्तर भले गृहस्थ असले तरी परक्या गावात परक्या पुरुषाबरोबर गाडीत एकटी बसायला तिचे मन घेत नव्हते, आणि ते तिने स्पष्ट सांगितले ते मला आवडले.

तिची खरी अडचण वेगळीच. अफगाणिस्तानात गाड्या उजवीकडून चालतात. ती स्वतः कधी गाडी चालवलेली नव्हती, पण लहानपणापासून वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेला रस्ता डोक्यात पक्का होता. सरळ रस्त्यावर ठीक चालायची. चौकात उजवीकडे वळली की नेमकी समोरून येणाऱ्यांच्या बाजूला जायची. मास्तर ओरडायचे, "डावीकडे, डावीकडे!" आणि घाबरून ती जागच्या जागी ब्रेक मारायची. मागे बसून माझे हात-पाय गार. भोवती सुरतेची वाहतूक, कापडाचे गठ्ठे लादलेले टेम्पो, मध्येच घुसणाऱ्या रिक्षा, बीआरटीएसच्या बस.

मला माझे दिवस आठवायचे. १९९६ साली मी बेळगावात कायनेटिक शिकले. शाळेची नोकरी दोन बसच्या अंतरावर, म्हणून शिकले. सासरे म्हणाले, "बाईमाणसाला लायसन कशाला?" रागावून नव्हे, खरेच कशाला ते त्यांना कळत नव्हते. परीक्षेच्या दिवशी मैदानात आठ काढताना पाय टेकला आणि घरी येऊन मी खोटेच सांगितले की साहेब आले नव्हते. पास झाल्यावरच खरे सांगितले. पुढे त्याच सासऱ्यांना डोळ्यांच्या ऑपरेशनला त्याच कायनेटिकवर मागे बसवून नेले. हे मी पोरीला सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग ते काय म्हणाले?" मी म्हटले, "म्हणाले, हळू चालव."

२० डिसेंबरची रात्र मात्र विसरता येत नाही. त्या दिवशी तालिबान सरकारने मुलींना विद्यापीठांची दारे बंद केली. तिची धाकटी बहीण काबूलमध्ये शिकत होती. ती खाली आली नाही म्हणून मी वर गेले. तिघी जणी एका पलंगावर बसून एकाच फोनकडे पाहत होत्या. फोनवर पलीकडे कोणी बोलत नव्हते, नुसते रडणे ऐकू येत होते. मी काय बोलणार? भात आणि सार करून वर नेऊन ठेवले आणि खाली आले. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला मात्र ती नेहमीसारखी दारात उभी. "आंटी, मास्तर आलेत." त्या दिवशी ती एकदाही चुकीच्या बाजूला गेली नाही.

जानेवारीत बाळाला सव्वा महिना झाला आणि मला थोडी उसंत मिळाली. उत्तरायणाचे पतंग होऊन गेले होते. एका रविवारी आम्ही दोघी जुन्या शहरात गेलो. तापीकाठचा किल्ला पाहिला, मग मुगलीसरा. सुरत महापालिकेचे मुख्य कार्यालय ज्या इमारतीत आहे ती मूळची सराई, शहाजहानच्या काळात १६४४ साली बांधलेली. सुरत म्हणजे तेव्हा मक्केला जाणाऱ्यांचे बंदर, आणि जहाजाची वाट पाहणारे हाजी इथे उतरत. काबूल-कंदाहारकडचेही त्यात असतीलच. ती बराच वेळ त्या दगडी कमानीकडे पाहत उभी होती. आत जन्म-मृत्यूचे दाखले आणि घरपट्टी, असे मी सांगितल्यावर हसली.

तिला मी हॉकिन्सची गोष्ट सांगितली. मी इतिहासाची शिक्षिका, ती संधी कशी सोडीन! १६०८ साली हा इंग्रज सुरतेला उतरला, व्यापाराची परवानगी मागायला. ती सुरतेत मिळेना म्हणून आग्र्याला जहांगीरकडे गेला. तुर्की येत असल्याने बादशहाशी थेट बोलू शकला, दरबारात मान मिळाला, बादशहाने लग्नसुद्धा लावून दिले. पण कायमचा कागद काही हाती लागला नाही आणि १६११ ला तो हात हलवत परतला. पुढे १६१२ ला सुवाळीच्या समुद्रात इंग्रजांनी पोर्तुगीजांना हटवले, तेव्हा कुठे फर्मान निघाले आणि वखार झाली. पोरगी म्हणाली, "म्हणजे तीन वर्षे. माझे तर तीनच महिने झाले."

पण तिच्या तीन महिन्यांना टोक होते. पासपोर्टची मुदत मे महिन्यात संपत होती. ज्या सरकारने तो दिला होता ते सरकार राहिले नव्हते. दिल्लीतल्या अफगाण वकिलातीवर तेव्हा अजून जुना तिरंगी झेंडा होता आणि मुदतवाढीचे काम तिथे होत होते, पण किती दिवस होईल हे कोणी सांगू शकत नव्हते. (नोव्हेंबर २०२३ मध्ये त्या जुन्या वकिलातीने कायमचे बंद होत असल्याचे जाहीर केले.) पासपोर्टवर व्हिसा, व्हिसावर नोंदणी, नोंदणीवर परवाना, अशी उतरंड. खालचे मडके हलले की सगळे खाली. "आंटी, जुन्या सरकारच्या कागदांवर माझे नाव आहे. नव्या सरकारकडे मी नाहीच. मला असा एक कागद हवा, ज्यावर फोटो माझा आणि सरकार चालू."

पक्क्या परीक्षेचा दिवस जानेवारीच्या शेवटी मिळाला. पालच्या आरटीओत परीक्षेचा ट्रॅक यांत्रिक आहे. बाजूला साहेब बसत नाही, कॅमेरे आणि सेन्सर पाहतात. चार परीक्षा : समांतर पार्किंग, इंग्रजी आठ, रिव्हर्समध्ये एस, आणि चढ. चढावर थांबायचे आणि गाडी मागे न घसरता पुन्हा निघायचे. मास्तर म्हणाले, "मावशी, इथे ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, रडणे चालत नाही. यंत्र आहे." मला ते पटले, तरी थोडे वाईटही वाटले. १९९६ साली बेळगावच्या त्या साहेबांनी मला "घाबरू नका बाई, परत या" असे म्हटले होते, ते यंत्र कुठून म्हणणार?

पार्किंग झाले, आठ झाला, एस झाला. चढावर गाडी थांबली, आणि निघताना मागे घसरली. किती? आमच्या अंगणातल्या तुळशीकट्ट्याएवढी. पडद्यावर नापास.

ती बाहेर आली तेव्हा माझ्या तोंडून सवयीने निघून गेले, "होगली बिडू." आपल्याकडे भांडे फुटले तरी आणि नोकरी गेली तरी हेच दोन शब्द. तिने विचारले हे काय? मी सांगितले, कन्नड आहे, जाऊ दे सोडून, असा अर्थ. तिने ते दोन-तीनदा म्हणून पाहिले. नापास झालेल्याला सात दिवसांनी पुन्हा बसता येते. ते सातही दिवस मास्तरांनी तिला उड्डाणपुलांच्या चढावर नेले. सुरतेत पूल आणि उड्डाणपूल इतके आहेत की चढाला तोटा नाही. मास्तरांनी जादा तासांचे पैसे घेतले नाहीत. "माझ्या बापाला पण या गावात पहिला कागद मिळायला फार दिवस लागले होते," एवढेच म्हणाले.

त्या आठवड्यात आम्ही एकदा सरदार पुलाजवळ पोंक खायला थांबलो. पोंक म्हणजे आपला जोंधळ्याचा हुरडा, आपल्या कन्नड मंडळींची सीतनी. फक्त सुरतेचे लोक त्याच्याबरोबर लिंबू-मिऱ्याची शेव खातात आणि वर पोंकाचे वडेही करतात. मी शेव बाजूला ठेवून नुसता हुरडा खाल्ला. चव तीच, पण शेकोटीच्या धुराशिवाय हुरडा म्हणजे मला तरी अर्धाच वाटतो. पोरगी दोन्ही हातांनी खात होती.

दुसऱ्या खेपेला मी जाऊ शकले नाही, नातवाला लसीनंतर ताप आला होता. साडेअकराला फोन आला. पलीकडून फक्त "होगली बिडू" एवढेच ऐकू आले. माझ्या पोटात खड्डा पडला. म्हटले, पुन्हा घसरली. तर मागून मास्तरांचा हसण्याचा आवाज. "मावशी, पास झाली!" शब्दाचा अर्थ तिला अर्धाच कळला होता.

कार्ड पोस्टाने आले. नवा पत्ता, अडाजणचा. घरमालकांना दाखवायला ती स्वतः गेली आणि पेढ्यांऐवजी सुरतेची घारी घेऊन गेली. मी फेब्रुवारीच्या मध्याला निघाले. स्टेशनवर सोडायला जावयांनी गाडी काढली, किल्ली तिच्या हातात दिली आणि स्वतः शेजारी बसून हँडब्रेकवर हात ठेवला. मी मागे, मांडीवर रिकामी कुंद्याची पिशवी. पुलावर ती ताशी तीसच्या वर गेली नाही. मागून सगळी सुरत हॉर्न वाजवत होती.

पासपोर्टची मुदतवाढ तिला वेळेत मिळाली, एम. कॉम. झाले. गेल्या वर्षी ती जर्मनीला पुढच्या शिक्षणाला गेली. भाच्याचा नंबर मी तिला दिला होता, त्याने तिला तिथला नियम समजावला. सुरतेचा परवाना सहा महिने, मग परीक्षा. परवा तिचा फोन आला होता. नातू आता धावायला लागलाय, त्याचा व्हिडिओ पाहून झाल्यावर म्हणाली, "आंटी, उद्यापासून इथला क्लास. इथे पुन्हा सगळे उजवीकडून चालतात, आणि मी वळते ती नेमकी डावीकडे!"